बाहेरची कडी

आर्किटेक्चरच्या पहिल्या चार वर्षांत मी किती विटा काढल्या असतील याला सुमार नाही. सुरुवातीला पेन्सिलीने, मग कॉम्प्युटरवर. एक वीट काढायची, कॉपी करायची आणि भिंत भरून टाकायची. भिजवलेली वीट हाताला कशी लागते, हे मात्र मला चौथं वर्ष संपल्यावर, ट्रेनिंगच्या सेमिस्टरला कळलं. आणि तेही धंतोलीतल्या एका साइटवर संडास बांधताना.

ट्रेनिंगचा नियम कागदावर चांगला आहे. विद्यार्थ्याने एक सेमिस्टर एखाद्या आर्किटेक्टच्या हाताखाली काम करायचं, ऑफिसातलं शिकायचं आणि साइटवरचंही. प्रत्यक्षात आमच्या वर्गातल्या बहुतेकांनी साइट पाहिली ती दवाखान्यातल्या नातेवाइकाला भेटून यावं तशी. गेले, जरा वेळ उभे राहिले, फोटो काढला, परत आले. पाच वर्षं शिकून इमारत बांधायचा परवाना मिळतो आणि त्या पाच वर्षांत एक घमेलंही उचलावं लागत नाही. याला शिक्षण म्हणायचं असेल तर म्हणा, मी म्हणत नाही.

माझं ऑफिस रामदासपेठेत होतं. आमच्या वर्गातले आम्ही दोघं तिथं लागलो, मी आणि एक मुलगा. पहिल्या दिवशी त्याला पिवळं हेल्मेट मिळालं आणि मला कॉम्प्युटरचा पासवर्ड. ऑफिसचं धंतोलीत काम सुरू होतं. जुना बंगला पाडून तिथं हॉस्पिटल उभं राहत होतं. तो रोज तिकडं जायचा आणि संध्याकाळी धुळीने माखून यायचा. मी लॉबीची थ्री-डी चित्रं करत बसायची. चौथ्या दिवशी मी सरांच्या केबिनमध्ये गेले.

"मुलींना आम्ही साइटवर दिवसभर नाही ठेवत," सर म्हणाले. "तासाभरासाठी जा, पाहून ये. तिथं लेडीजची सोय नाही. उद्या तुझ्या घरच्यांनी मला विचारलं तर?"

"सर, तिथं रेजा आहेत ना?"

रेजा म्हणजे बांधकामावर विटा-रेती वाहणाऱ्या बाया.

"आहेत."

"मग त्या कुठं जातात?"

सरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. त्यांच्या साइट्स विदर्भभर झाल्या होत्या. हे त्यांनी कुठल्याच साइटवर पाहिलं नव्हतं.

इथं माझ्या घराविषयी थोडं सांगायला हवं. आमच्या घरी पलंगाखाली पत्रकांचे गठ्ठे असायचे. बाबा वीज कार्यालयात कारकून, पण त्यांचा जीव पत्रकांत. गुलाबी, पिवळा, जो कागद स्वस्त मिळेल त्यावर छापलेली पत्रकं. पाण्याची, शाळेची, वस्तीतल्या नालीची. दर विजयादशमीला शहरात माणसांचा पूर यायचा, त्याच्या आधी आठवडाभर आमच्या घरी घड्या घालायचं काम चालायचं आणि माझ्या बोटांना शाईचा वास असायचा. मी अक्षरं त्यांवरच शिकले. बाबांचा एक नियम होता : पत्रकाच्या पहिल्या ओळीत मागणी पाहिजे. रडगाणं नंतर.

म्हणून मी सरांना म्हणाले, "सर, साइटवर संडास पाहिजे. ड्रॉइंग मी काढते, उभी राहून बांधूनही मी घेते. तो झाला की मला स्लॅबपर्यंत साइटवर राहू द्या."

स्लॅबपर्यंत का, तर पहिल्या मजल्याच्या स्लॅबची तयारी सुरू होती. फळ्या ठोकायच्या, वर लोखंडी सळयांची जाळी बांधायची आणि मग एका दिवसात सगळं काँक्रीट ओतायचं. एकदा ते ओतलं की आत काय आहे, कुठली सळई कुठं वळली आहे, हे पुन्हा कोणाला दिसत नाही. हॉस्पिटलचा तो स्लॅब मला बांधला जाताना आणि पडताना पाहायचा होता. त्या सेमिस्टरकडून मला एवढं एकच हवं होतं.

सर हसले. "कर. तुझं पहिलं प्रोजेक्ट."

मी ड्रॉइंग काढलं. सरांनी ते गमतीने पूर्ण गंभीरपणे तपासलं आणि ऑफिसच्या इतर ड्रॉइंगवर मारतात तसा 'बांधकामासाठी मंजूर' हा शिक्का मारून खाली सही केली.

साइटवर पाच-सहा रेजा होत्या. त्यांच्यात सगळ्यांत मोठी जी बाई होती तिला बाकीच्या मावशी म्हणायच्या, मीही म्हणू लागले. पंचेचाळिशीची, सडपातळ, तोंडाने तिखट. पहिल्या दिवशी मी टेप घेऊन मागच्या मोकळ्या जागेत मापं घेत होते, तर ती डोक्यावरची चुंबळ नीट करत येऊन उभी राहिली.

"काय मोजून राहिली वं?"

"संडास बांधायचा आहे, मावशी. तुमच्यासाठी आणि माझ्यासाठी."

"आमच्यासाठी?" तिने मागे वळून हाक दिली, "ऐकलं का वं? मॅडम आपल्यासाठी महाल बांधून राहिल्या!"

बाया हसल्या. मी विचारलं, आतापर्यंत कुठं जात होता. मावशीने हात हलवला. "सकाळी घरून करून येतो. मंग दुपारपर्यंत पाणीच नाही पेत. लागलंच तर त्या बाजूच्या दवाखान्याच्या पार्किंगच्या मागं जातो दोघी-तिघी मिळून. एक जाते, दोघी उभ्या राहतात."

मार्च संपत आला होता. नागपुरात त्या दिवसांत दुपारी बारानंतर लोखंडाला हात लावता येत नाही आणि या बाया पाणी न पिता विटा वाहत होत्या. हे मी कुठल्या पत्रकात वाचलं नव्हतं.

माझ्या ड्रॉइंगमध्ये समोरच्या भिंतीला विटांची जाळी होती. वीट सोडून वीट, सुंदर नक्षी, हवा खेळती राहावी म्हणून. आम्हा विद्यार्थ्यांना विटांच्या जाळीचं वेडच असतं. आमच्या वर्गात एकही प्रोजेक्ट जाळीशिवाय जमा झालेलं नसेल. मिस्त्रीने जाळीचे तीन थर लावले आणि मावशी घमेलं घेऊन थांबली. तिने जाळीला डोळा लावला. मग दुसऱ्या बाजूने जाऊन डोळा लावला.

"कोण दिसते वं?" मिस्त्रीने विचारलं.

"तूच दिसते. दात काढून राहिला."

सगळे एवढे हसले की वर फळ्या ठोकणारे सेंट्रिंगवालेही वाकून पाहायला लागले. मीही हसले. जाळी काढली, भिंत सलग केली आणि हवेसाठी छपराखाली एक पट्टा मोकळा सोडला. विटा बंगल्याच्याच, पाडकामातून निघालेल्या. जुनं ड्रेनेजचं चेंबर मागच्याच बाजूला होतं, त्यामुळे जोडणी सोपी गेली. मिस्त्रीने मला दोन थर लावू दिले; एक फुगला, तो त्याने थापीने काढला आणि मला पुन्हा लावायला लावला. विटा आधी पाण्यात टाकायच्या, बुडबुडे यायचे थांबले की काढायच्या. कोरडी वीट सिमेंट-रेतीच्या मसाल्यातलं पाणी पिऊन टाकते. हे परीक्षेत मी लिहिलं होतं, त्याला गुणही मिळाले होते. पण बुडबुडे थांबेपर्यंत बादलीजवळ बसायचं असतं हे मात्र लिहिलं नव्हतं.

दार बंगल्याच्या न्हाणीचं मिळालं. जुनं सागवानी, जड. त्याला बाहेरून कडी-कोयंडा होता, आतून काही नव्हतं. जुनी कडी कोणीतरी काढून नेली असावी. आतली कडी मी सीताबर्डीवरून आणली आणि स्वतः बसवली. बाहेरच्या कडीकडे मी लक्ष दिलं नाही. ड्रॉइंगमध्ये दार म्हणजे एक रेघ आणि एक कमान असते, कडी कोणत्या बाजूला हे त्यात कोणी विचारत नाही.

दोन दिवस सगळं ठीक चाललं. बाया जात होत्या, येत होत्या, बाहेरच्या ड्रममधून पाणी घेत होत्या. सकाळी दहालाच पिण्याच्या पाण्याच्या मडक्याजवळ गर्दी दिसू लागली. मी सळया बांधणाऱ्यांबरोबर वर चढले होते, ड्रॉइंगवरच्या प्रत्येक रेघेची सळई शोधत होते. माझा वर्गमित्र खालून ओरडायचा, "इन्स्पेक्टर मॅडम, जेवायला या!"

तिसऱ्या सकाळी दाराला कुलूप होतं.

ठेकेदार समोरून आला, खिशातून किल्ली काढली आणि माझ्या हातावर ठेवली. मनाने मोकळा, गोड बोलणारा माणूस होता तो. "मॅडम, ही तुमची. साफ करून ठेवलं आहे, फिनाइल-बिनाइल मारून. आता टेन्शन नका घेऊ."

"आणि बाकीच्या?"

"त्यांचं सोडा ना. त्यांची आदत नाही. दोन दिवसांत वाट लावून ठेवतील, मंग तुम्हीच म्हणाल, काहून असं केलं. सर म्हणाले होते ना, मॅडमची सोय करा? झाली सोय."

मावशी विटांचं घमेलं घेऊन समोरून जात होती. तिने किल्ली पाहिली आणि नजर पुढं नेली. ती नजर मला ओळखीची होती. आमच्या घरातल्या किती पत्रकांचा विषय कुलूप हाच होता! विहिरीला, देवळाला, हापशाला. त्यातली कुठलीच किल्ली आमच्या हातात नव्हती. ही पहिलीच, जी माझ्या हातात आली होती.

मी पाण्याच्या मडक्याजवळच्या खांबाला खिळा ठोकला आणि किल्ली त्यावर अडकवली. बायांना सांगितलं, जिला जायचं तिनं घ्यावी. दुपारी खिळा रिकामा होता. ठेकेदार म्हणाला, "हरवली असती मॅडम. माझ्याजवळ आहे, तुम्हाला पाहिजे तेव्हा मागा." त्यानंतर बायांनी मडक्याकडे जाणं बंद केलं. मीही त्याच्याकडे किल्ली मागितली नाही, आणि पाणी प्यायले नाही. हट्ट होता. संध्याकाळी घरी पोचले तेव्हा डोकं फुटत होतं आणि जिना चढताना डोळ्यांपुढे अंधारी आली.

आई शिलाई मशीनवरून उठली. मला खाटेवर निजवलं, कपाळावर ओला टॉवेल ठेवला, कैरीचं पन्हं दिलं. मी पीत पीत सगळं सांगितलं.

बाबा तेवढ्यात कागद घेऊन बसले होते. "पहिली ओळ सांग. साइटवरच्या प्रत्येक कामगार बाईला..."

"थांबा गा जरा," आई म्हणाली. "ते पत्रक वाचणार कोण हाय? ठेकेदार? तो त्याच्यात वडापाव बांधून नेईल."

"पत्रकानंच सुरुवात होते."

"होते ना. मी कुठं नाही म्हणून राहिली. पोरीले विचारा, कडी किती स्क्रूवर हाय."

मी आठवून पाहिलं. "सहा."

"मंग सहा स्क्रूचं काम हाय. पत्रक मागून लिहा." आणि तिने मशीनच्या खणातून पेचकस काढून माझ्या उशाजवळ ठेवला. बाबांनी कागदाची घडी घातली. रागावले नव्हते, फक्त थोडे रुसले होते.

मला त्या रात्री स्लॅबचा विचार आला. हे केलं तर ठेकेदार सरांना फोन करणार, आणि सर मला परत कॉम्प्युटरसमोर बसवणार, हे स्पष्टच होतं. स्लॅबला आठवडाही उरला नव्हता.

सकाळी ठेकेदार यायच्या आधी मी दारासमोर उभी राहिले. कुलूप फोडायची गरज नव्हती, कडी-कोयंडाच काढला की झालं. वरचे स्क्रू सुटले, खालचे गंजले होते. पेचकस घसरायला लागला.

"सरक वं," मावशी मागून म्हणाली. तिने दाराला पाठ लावून दार चौकटीला दाबून धरलं. दुसरी एक बाई छिनी आणि हातोडी घेऊन आली. "मार आता. भिऊ नको, मी हलत नाही."

छिनीने कोयंडा उचकटला तेव्हा लाकडाचा एक तुकडा त्याच्याबरोबर निघाला. कुलूप, कडी, कोयंडा, सगळं एकत्र खाली पडलं. ते मी उचललं आणि ठेकेदाराच्या टेबलावर नेऊन ठेवलं, नीट, मधोमध.

ठेकेदार आला, पाहिलं आणि मला शोधत वर आला. "काय करून राहिल्या मॅडम तुम्ही? माझ्या साइटवर माझंच कुलूप तोडता?"

"कुलूप चांगलं आहे. तोडलं नाही. दुसरीकडं लावा."

"मी तुमच्या भल्यासाठीच केलं होतं ना!"

"माहीत आहे. म्हणून तर टेबलावर ठेवलं, नाही तर नालीत टाकलं असतं."

खाली कोणीतरी हसलं. ते हसणं त्याला जास्त लागलं. त्याने तिथंच फोन लावला.

सरांनी मला दुपारी ऑफिसात बोलावलं. रागाने नाही, कंटाळून बोलले. "तू ट्रेनी आहेस. साइट ठेकेदाराच्या ताब्यात असते. तिथल्या वस्तूला तू हात कसा लावलास?"

मी बॅगेतून ड्रॉइंग काढून त्यांच्यासमोर पसरलं. "सर, हे मंजूर ड्रॉइंग आहे. यात बाहेरून कडी दाखवलेली नाही. ठेकेदाराने ड्रॉइंगबाहेर काम केलं. ड्रॉइंगबाहेरचं काम काढून टाकायचं असतं, हे तुम्हीच शिकवलंत."

सरांनी आपल्या सहीकडे पाहिलं. बराच वेळ. त्यांना हसू येत होतं, पण त्यांनी ते येऊ दिलं नाही.

"हे बघ," ते म्हणाले. "त्या माणसाला आठवड्यात स्लॅब टाकायचा आहे. मला आता त्याच्याशी भांडण नको. कडी परत लाव, उद्यापासून तू साइटवर. नाही लावायची तर स्लॅब होईपर्यंत इथं बस. दार तसंच राहील, त्याला मी सांगतो."

"दार तसंच राहील? नक्की?"

"नक्की."

"मग मी इथं बसते."

सरांनी ड्रॉइंग माझ्याकडे सरकवलं. "विचार कर. स्लॅबसाठीच तू हे सगळं सुरू केलंस."

"केला, सर."

केला होता. खोटं सांगत नाही, तरी खुर्चीत बसल्यावर मी आधी स्लॅबचंच ड्रॉइंग उघडलं.

स्लॅब पडला त्या दिवशी मी लॉबीच्या चित्रात कुंड्या ठेवत होते. क्लायंटला झाडं जास्त हवी होती. माझा वर्गमित्र दर थोड्या वेळाने व्हिडिओ पाठवत होता : नारळ फुटला, मिक्सर सुरू झाला, बायांची रांग जिन्यावर, हातोहात घमेली. एका व्हिडिओत तो ओरडत होता, "पाहा, पाहा, तुझ्या सळया झाकल्या जाऊन राहिल्या!" मी तो पुन्हा पुन्हा पाहिला. फोनच्या स्क्रीनवर राखाडी चिखल लोखंडावर पसरत होता, एवढंच दिसत होतं. दुपारी सर माझ्या खुर्चीमागून गेले आणि एक पेढा टेबलावर ठेवून गेले. तो साइटवरून आलेला होता.

रविवारी ऑफिस बंद. मी सिटी बसने धंतोलीला गेले. रविवारी स्लॅबवर तराईचं काम असतं. नवं काँक्रीट ओलं ठेवावं लागतं, म्हणून वर मसाल्याचे छोटे बांध घालून वाफे करतात आणि त्यात पाणी भरून ठेवतात. मावशी आणि एक बाई पाइप घेऊन वाफे भरत होत्या. सगळा स्लॅब आभाळ घेऊन चकाकत होता. मी चप्पल काढली आणि पाण्यात उभी राहिले. खाली, माझ्या पायांखाली, त्या सगळ्या सळया होत्या. आता कोणालाच दिसणार नव्हत्या.

"काहून नाही आली वं त्या दिवशी?" मावशीने विचारलं.

"ऑफिसात काम होतं."

"खोटं बोलू नको. त्या पोरानं सांगितलं." तिने पाइप दुसऱ्या वाफ्यात टाकला. "सकाळपासून सांजेपर्यंत चाललं. पहिल्यांदा असं झालं पाह्य, स्लॅबच्या दिवशी आम्ही पोटभर पाणी पेलो. ठेकेदार म्हणे, एवढं पाणी पेता तर काम कधी करता. मी म्हटलं, तुमचा मिक्सर पेते का नाही?"

दुसरी बाई हसत खाली बसली.

"उद्या येणार ना?" मावशीने विचारलं.

"येणार. सरांनी सांगितलं आहे."

"येजो. भिंती सुरू होतील आता. एखादा थर चांगला लाव, नाही तर मिस्त्री रोज आमच्यासमोर तुह्या भिंतीची नक्कल करते."

मी तासभर पाइप धरला. मग खाली उतरले, मागच्या बाजूला गेले, दार ओढलं आणि आतून कडी लावली. कोयंडा उचकटला होता तिथं दाराला आत दिसेल एवढं भगदाड पडलं असेल, अशी मला भीती होती. स्क्रूची भोकं आरपार होती, आणि लाकूड निघालं होतं ती जागा चांगली बोटभर. मी दारावर हात फिरवला. दारातून उजेड कुठूनच येत नव्हता. कपडे धुवायच्या साबणाचे तुकडे ओले करून कोणीतरी प्रत्येक भोकात आणि त्या खाचेत दाबून बसवले होते, आणि वरून अंगठ्याने सपाट केले होते.